अस्वल कोणी हाकललं

चौदाव्या पेपरावर देवराव नाकाडेचा लाल पेन थांबला तो थांबलाच. आधीचे तेरा पेपर त्यानं झपाझप उरकले होते, कारण त्या तेराही पेपरांत पोरांनी त्याच्याच नोट्स त्यालाच परत केल्या होत्या, अगदी स्वल्पविरामासकट. प्रश्न दर वर्षीचाच होता: नेमलेल्या कादंबरीचा नायक कशामुळे नायक ठरतो? आणि हा चौदावा पेपर, बी. ए. दुसऱ्या वर्षाच्या भागीरथा रामटेकेचा, सुरुवातीला तसाच चालला होता. 'सरांनी सांगितलं आहे की आजच्या कादंबरीचा नायक लढाई जिंकत नाही, वाघ मारत नाही. तो फक्त एका जागी उभा राहून स्वतःविषयी खरं बोलतो आणि त्यापायी होणारं नुकसान सोसतो.' इथवर ठीक. पण पुढं पोरीनं नवा परिच्छेद पाडला होता. 'मला हे पटलं नाही. माझ्या मते नायक म्हणजे आमचे सर. १९७५ साली किटाळबोडीच्या शिवारात त्यांनी एकट्यानं अस्वल हाकलून माझ्या आईचा जीव वाचवला. आईला विचारलं तर ती नुसती हसते, पण सारं गाव सांगते. कादंबरीतल्या कारकुनानं दार उघडलं नाही. आमच्या सरांनी उघडलं असतं.' देवरावनं पेनाचं टोपण लावलं. मग काढलं. मग पुन्हा लावलं. स्टाफरूममध्ये दुपारची सुस्ती होती, इतिहासवाले उघड्या तोंडानं पेंगत होते, आणि ह्या गृहस्थाच्या कानशिलापाशी घाम.

त्यात सकाळीच, यंदाच नव्यानं आलेल्या प्राचार्यांनी त्याला जिन्यात गाठलं होतं. "काय हो नाकाडे, एवढी मोठी गोष्ट अकरा वर्षं लपवून ठेवता? वा रे वा!" म्हणजे भागीरथानं ते नुसतं लिहिलं नव्हतं, सांगितलंही होतं. शनिवारी स्नेहसंमेलनात सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, आणि ज्या बाईचा जीव वाचला ती गुणाबाई स्वतः मंचावर येऊन सरांना हार घालणार. प्राचार्यांना ही कल्पना स्वतःचीच वाटत होती आणि ते तिच्यावर बेहद्द खूश होते. देवराव 'नको, नको' म्हणाला, तर त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. खरी शूर माणसं अशीच लाजतात म्हणे. आता काय बोलणार कपाळ! नाही म्हणावं तर विनय ठरतो, हो म्हणावं तर चोरी. आणि चोरी तर होतीच. अकरा वर्षांची जुनी, मुरलेली, नोकरी आणि बायकोसुद्धा मिळवून देणारी चोरी.

ती कादंबरी त्याला मनापासून आवडे, हे मात्र खोटं नव्हतं. तिच्यात काही घडतच नाही. मोठ्या शहरातला एक कारकून, चाळीत राहणारा. एका दुपारी त्याच्या दारावर कोणीतरी जिवाच्या आकांतानं थापा मारतं आणि तो आत, कडीकडे बघत, उभा राहतो. दार उघडत नाही. मग तीनशे पानं तो जेवतो, झोपतो, ऑफिसात जातो, त्या मेलेल्या शेजाऱ्याच्या तेराव्यालाही जातो, आणि शेवटच्या दोन पानांत चाळीच्या सामायिक गॅलरीत सगळ्यांसमोर म्हणतो, 'मी घरी होतो. मला ऐकू आलं होतं.' बस, संपली. पोरं दर वर्षी विचारत, "एवढंच का, सर?" आणि देवराव खडू खाली ठेवून म्हणे, "एवढंच." हे 'एवढंच' म्हणताना त्याचा आवाज असा काही भरून येई की मागच्या बाकांवरची कुजबूज थांबायची. पोरांना वाटे, सर बुडून शिकवतात. सर बुडत होतेच म्हणा, पण कशात, ते त्यांचं त्यांना ठाऊक. गेली सात वर्षं हा माणूस दर जानेवारीत त्या कारकुनाला गॅलरीत उभं करून बोलायला लावायचा आणि स्वतः घंटा झाली की डस्टर झटकून सायकलवर टांग मारायचा.

१९७५ सालचा तो शिमग्यानंतरचा आठवडा होता. देवराव एकवीस वर्षांचा, परीक्षेच्या तयारीला म्हणून घरी आलेला आणि दिवसभर लोळणारा. त्यांच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मोहाचं जुनं झाड होतं, चांगलं दोघांच्या कवेत न मावणारं, आणि त्या साली ते असं टपटपत होतं की वाळत घातलेल्या फुलांनी चार दिवसांत अंगण पिवळं व्हावं. पण टोपली अर्धीच भरायची. बाप सोमाजीची झोप उडाली. "आपल्या झाडाखालचे मोह कोनीतरी येचून राह्यलं. ते गुणा असन. जाय, पायून ये." गुणाबाईवरच संशय का, तर तिचं घर शिवाराच्या टोकाला आणि तिच्याकडे स्वतःचं एकही झाड नाही. आणि ती बौद्धवाड्यातली होती, हेही होतंच, ते कोणी बोलून दाखवायची गरज नव्हती. तांबडं फुटायच्या जरा आधी देवराव काठी घेऊन निघाला. मोहाखालचा पाला लोकं आधीच जाळून टाकतात, म्हणजे काळ्या जागेवर पडलेलं फूल दिसतं. तर ती काळी जमीन, वरून धुकं, आणि बुंध्याशी वाकून फुलं वेचणारी काळी घोंगडी. गुणाबाईची काळी घोंगडी साऱ्या गावाला माहीत. अशी मन लावून वेचत होती की मान वर करायला तयार नाही! देवरावचं डोकं सणकलं. दहा पावलांवर जाऊन तो ओरडला, "काऊन व चोट्टे..."

इथं त्याची आठवण नेहमी ठेचाळायची. पुढंही तो काही बोलला होता, चांगलं लांबलचक आणि ठासून बोलला होता, पण ते शब्द आले की त्याचं मन अंग चोरून बाजूनं निघून जाई. त्याला आठवे ते थेट त्यानंतरचं. घोंगडीनं मान वर केली. घोंगडीला लांबुडकं, मळकट पांढरं तोंड होतं. घोंगडी मागच्या दोन पायांवर उभी राहिली, आणि तिच्या छातीवर पांढरा पट्टा दिसला. अस्वलाला त्यानं चोट्टी म्हटलं होतं, भाऊ! आज कोणी दुसऱ्यानं सांगितलं असतं तर तो खुर्चीवरून पडेस्तोवर हसला असता. पण तेव्हा त्याचे पाय जमिनीत गेले, काठी हातात होती हेही हाताला कळेना, आणि पायजमा मांडीपासून घोट्यापर्यंत गरम झाला. आणि मग बुंध्यामागून काठी उगारून, केस मोकळे सुटलेली, घशातून भलताच आवाज काढत गुणाबाई धावत आली. खरीखुरी गुणाबाई. सरळ अस्वलाच्या दिशेनं. अस्वल एकदा इकडं वळलं, एकदा तिकडं, आणि धुरा ओलांडून नाल्याकडं पळालं. ती वाचवायला आली. आपण जिला चोर म्हटलं, ती आपल्याला वाचवायला आली. हे त्याच्या मनात तिथंच, ओल्या पायजम्यात उभ्या उभ्या, कोरलं गेलं.

ओरडा ऐकून सोमाजी आणि दोघं-चौघं धावत आले. त्यांना काय दिसलं, तर पळणारं अस्वल, काठी घेतलेला पोरगा, आणि बाजूला थरथर कापणारी बाई. बापानं तिथल्या तिथं निकाल लावला. "माह्या पोरानं अस्वल हाकललं! गुणाचा जीव वाचवला!" एवढ्या आनंदात त्याला तिच्या बाजूला पडलेली भरलेली टोपलीही दिसली, तर तो म्हणाला, "राहू दे व, घेऊन जाय." देवरावनं तोंड उघडलं आणि मिटलं. गुणाबाईनंही उघडलं आणि मिटलं. मग ती गोष्ट त्या दोघांची राहिलीच नाही. चंद्रपूरच्या पेपरात चार ओळी आल्या. कॉलेजच्या मुलाखतीत अध्यक्षांनी मराठीबद्दल एक प्रश्न विचारला आणि अस्वलाबद्दल पाच. कमलाचा बाप मुलगी द्यायला का-कू करत होता, तो अस्वल ऐकून विरघळला. लग्नात देवराव उखाण्याला अडला, तर कमलानं मात्र अस्वल घालून असा फर्मास उखाणा घेतला की मांडव दणाणला. प्रत्येक वेळी त्याला वाटे, आता सांगू. आणि प्रत्येक वेळी गोष्ट थोडी आणखी मोठी झालेली असे, एकाची दोन अस्वलं झालेली असत, आणि सांगायची किंमतही तेवढीच वाढलेली. बाप मेला तेव्हा शेवटच्या आठवड्यात भेटायला येणाऱ्याला खोकत खोकत तेच सांगत होता. गावी जाणं देवरावनं हळूहळू कमीच केलं. बस किटाळबोडीच्या फाट्यावर थांबली की शिवाराच्या टोकाचं ते कौलारू घर दिसे, म्हणून तो पलीकडच्या खिडकीशी बसायचा.

त्या गुरुवारी पेपर तसेच गठ्ठ्यात राहिले. रात्री नीट झोप नाही, शुक्रवारी वर्गात लक्ष नाही. शुक्रवारी दुपारचा तास रद्द करून तो घरी आला आणि कमला तांदूळ निवडत होती तिच्यासमोर पाटावर बसून त्यानं सांगून टाकलं, की अस्वल मी नाई हाकललं. सुपातलं बोट न थांबवता ती म्हणाली, "मले वाटलंच." तो चाटच पडला. "काऊन?" "अवो, तुमी पालीले भेता." हसू येण्यासारखं होतं, पण त्याला आलं नाही. त्यानं पुढचं सांगितलं, की गुणाबाईनं मला वाचवलं आणि मी तिचं नाव खाल्लं. यावर मात्र तिनं सूप खाली ठेवलं. "मंग इथी काय बसले? माह्यासमोर बोलून काय होते? उद्या ते बाई हार घेऊन उभी राहीन." साडेतीनची बस होती. ती त्यानं धावत पकडली.

बसमध्ये त्यानं काय बोलायचं ते जुळवलं. वाक्यं चांगली आली, फारच चांगली आली, आणि त्यामुळंच त्याला त्यांचा संशय यायला लागला. 'गुणाबाई, खऱ्या शूर तुम्ही.' 'मी तुमचा अपराधी आहे.' बाहेर कापलेल्या धानाच्या बांध्यांत लाखोळीचं पीक हिरवं झालं होतं, उन्हं कलली होती. ह्या वाक्यांत आपण कसे दिसतो? वाईट दिसत नाही. उलट बरेच दिसतो. कबुली देणारा, नम्र, डोळ्यांत पाणी वगैरे. कारकुनाच्या पंगतीत बसण्यासारखा. हे लक्षात आलं आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली, पण दुसरी वाक्यं काही सुचेनात.

गुणाबाई अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. आता केस पांढरे, एका डोळ्यावर मोतीबिंदूची सुरुवात. भागीरथाही आलेली, उद्याच्या कार्यक्रमाला आईला घेऊन जायला. दोरीवर नवी निळी साडी, इस्त्री नसली तरी घडीच्या रेघा असलेली. सरांना बघून पोरगी धांदलीनं उठली, खाट झटकली, पाणी आणायला आत धावली. त्यानं खाटेवर बसणं टाळलं. खाली, गुणाबाईसमोर, उकिडवा बसला.

"देवराव? इकडं कुठी रस्ता चुकला, बापा?"

"गुणाबाई, मले तुमाले एक सांगाचं हाय. उद्याच्या आधी." आणि जुळवलेलं सगळं त्यानं एका दमात ओतलं. अस्वलासमोर आपली बोबडी वळली, पायजमा ओला झाला, तुम्ही काठी घेऊन अस्वलावर धावून आल्या, माझा जीव वाचवला, आणि मी अकरा वर्षं तुमचं श्रेय माझ्या नावावर मिरवलं. भागीरथा पाण्याचा गडवा घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिच्या तोंडाकडं बघायची त्याची हिंमत झाली नाही.

गुणाबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग तिचे खांदे हलू लागले. त्याला वाटलं रडते आहे. ती हसत होती. तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होती. "अरे बापा! अरे देवराव! म्या कायले अस्वलावर धावू? मी का येडी हावो? मले अस्वल दिसलंच नोतं!"

"मंग?"

"मी तुले हानाले आली होती!"

देवराव मातीत टेकला. अकरा वर्षं ज्या बाईला त्यानं मनाच्या देव्हाऱ्यात बसवून, रोज ओशाळून, पाया पडून ठेवलं होतं ती त्याच्यासमोर बसून सांगत होती, की ती बुंध्याच्या मागल्या बाजूनं वेचत होती. हो, त्यांच्याच झाडाचे मोह. चार दिवस नेत होती. घरात दोन लेकरं होती आणि नवरा कामाच्या शोधात राजुऱ्याकडं गेलेला. अस्वल कधी येऊन पुढल्या बाजूनं खायला लागलं ते तिलाही कळलं नाही. देवरावचा आवाज आला तेव्हा ती आधी दडूनच बसली होती. "चोट्टी म्हनला, तरी मी चूप. चोरून तं राह्यली होती. पन मंग तू पुढचं बोलला. आन माह्या डोक्यात आग गेली. म्हनलं, मरो ते मोह, याचं टक्कुरंच फोडतो. धावली तं मधात ते अस्वल! त्याले वाटलं आसन, हे दोगंबी माह्यावरच आले." ती पुन्हा हसली, पण अर्ध्यावरच थांबली. "तुह्या बापानं टोपली देली, म्हनून मीबी चूप बसली. नाई तं माही चोरी निंगाली असती. तुहं झाकलं, माहं झाकलं."

त्याच्या छातीवरचा केवढा तरी दगड कोणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. कोणी कोणाला वाचवलं नव्हतं! त्याला हसू फुटलं, ओल्या पायजम्यासकट ती सगळी सकाळ पहिल्यांदा हसण्याजोगी दिसली. पळताना त्या बिचाऱ्या अस्वलाच्या मागच्या पायांचा तो केसाळ लगबगीचा थाट! तो मोकळा हसत होता, आणि समोर गुणाबाई मात्र आता हसत नव्हती.

"पुढचं काय बोलला होता, ते आठोते का?"

आठवतं. हो. त्याचं हसणं थांबलं. आता त्याला दिसलं, की सगळी कबुली त्यानं दिली, भित्रेपणाची दिली, पायजम्याची दिली, उसनं नाव मिरवल्याची दिली, आणि एवढं एकच वाक्य वगळलं. बसमधल्या त्या सुंदर वाक्यांत त्याला जागाच नव्हती. अस्वलाला भिणं माफ होतं. अस्वलाला कोण भीत नाही? पण ते वाक्य अस्वल बघून निघालं नव्हतं, माणूस समजून निघालं होतं. 'नाही आठवत' म्हणता आलं असतं. अकरा वर्षं झाली, कोणाला शब्द न् शब्द आठवतो? तिनंही कदाचित सोडून दिलं असतं. त्यानं भागीरथाकडं पाहिलं. ती दारातून पुढं आली होती आणि गडवा तिनं दोन्ही हातांनी धरला होता.

"आठोते," तो म्हणाला. "मी म्हनलो, तुमी लोकं असेच. बौद्ध झाले, पन चोरी नाई सुटली तुमची."

एक कोंबडी सालींत टोचा मारत फिरत होती. गुणाबाईनं हळूच मान हलवली, बरोबर आहे अशा अर्थानं. "हां. तेच. अस्वल मी चार दिवसात इसरली. ते नाई इसरली." मग शेंग सोलत, त्याच्याकडं न बघता म्हणाली, "मोह मी चोरले होते. मी एकटीनं. माह्या लोकाईनं नाई."

"हो," देवराव म्हणाला. "चुकलो मी, गुणाबाई. तवा चुकलो आन मंग अकरा वर्षं चूप राह्यलो. ते तं त्याहून वाईट." ह्या वाक्यांत तो बरा दिसत नव्हता, आणि हे त्याला बोलता बोलताच कळलं, आणि तरी आवाज बसला नाही. किती साधी गोष्ट होती. पाठीत वर्षानुवर्षं उसण भरलेली असावी आणि ती सुटल्यावरच माणसाला कळावं, की आपण वाकडे चालत होतो. त्याला एकदम सपाटून भूक लागली. गुरुवार दुपारपासून आपण नीट जेवलोच नाही हे आठवलं. भागीरथानं गडवा पुढं केला, तो त्यानं घेतला आणि घटाघटा सगळा संपवला.

"मी प्राचार्याईले सांगतो," तो तोंड पुसत म्हणाला. "उद्याचा सत्कार रद्द करतो."

"काऊन रद्द?" गुणाबाईनं दोरीवरच्या साडीकडं बघितलं. "मी येतो म्हनून सांगतलं हाय. मी येईन. हार नाई घालनार. अस्वलाचं सांगीन. माह्या चोरीचं सांगीन, आता कायचा भेव? लोक हासतीन तं हासू दे." "पन ते वाक्य मी नाई सांगनार. ते तू सांग. तुह्या तोंडचं हाय."

"सांगतो."

"साऱ्याईसमोर?"

"साऱ्याईसमोर."

फाट्यावरची परतीची बस सव्वासहाला होती. देवराव उठला, गुडघ्यांची माती झटकली. भागीरथा अंगणाच्या टोकापर्यंत सोबत आली. तिच्या चेहऱ्यावर राग होता का, हसू होतं का, त्याला ठरवता येईना. बहुधा दोन्ही होतं, आणि ते तिचं तिनंच कधीतरी लावून घ्यायचं होतं. ती थांबली तसा तोही थांबला.

"सर," ती म्हणाली, "उद्या मी पयल्या रांगेत बसीन."

"बस," देवराव म्हणाला. "तिथून तुले सारं आयकू येईन."